वीकेंडच्या घरी साप, विंचू, वानरं आणि बाकीची मंडळी आली तर काय करायचं

मुळशी, पानशेत, पवना, भोर, सासवड, कुठेही चार-पाच गुंठे घेऊन घर बांधलेल्या पुणेकराला पहिल्याच पावसाळ्यात कळतं की सातबाऱ्यावर नाव आपलं लागलं असलं तरी वहिवाट दुसऱ्याच कुणाची तरी आहे. मी मुळशीत कायमचा राहतो, आजूबाजूला सगळी शनिवार-रविवारवाली घरं, त्यामुळे शनिवारी दुपारनंतर फोन सुरू, "काका, गीझरच्या मागे काहीतरी हलतंय", "काका, वानरांनी टाकीचं झाकण काढलंय, आता ते पाणी वापरायचं का". मग म्हटलं एकदाच लिहून टाकावं सगळं, म्हणजे निदान फोटो तरी लांबून नीट काढून पाठवतील लोक.

आधी मुद्द्याचं. आलेल्या प्राण्याचं काय करायचं ते नंतर, आधी तो कशाला आला ते बघा. दाराच्या डोक्यावर रात्रभर पांढराफटक एलईडी जळतोय, त्यावर किडे येतात, किड्यांना खायला पाली आणि बेडूक, आणि बेडकामागे साप थेट तुमच्या उंबऱ्यावर. ओट्यावर कुत्र्याला ठेवलेलं खाणं तसंच राहिलं की उंदीर आणि घुशी, घुशीमागे धामण नाहीतर नाग. बार्बेक्यूची हाडं कंपाउंडबाहेर फेकली की गावातली कुत्री, आणि कुत्र्याच्या वासावर कोण येतो ते पुढे सांगतो. म्हणजे साप पकडायला माणूस बोलावणं हे शेवटचं काम, त्याच्या आधीची सगळी कामं तुमच्या हातातली आहेत आणि बहुतेक फुकट आहेत. दिवा पिवळा लावा, दारापासून दहा-बारा फूट लांब खांबावर लावा, सेन्सरचा मिळाला तर उत्तमच.

बंद घर उघडताना

आठवडाभर बंद असलेलं घर उघडायची एक पद्धत असते आणि ती मुलांना गाडीतून पळत आत सोडायची नक्कीच नाही. पायात बूट ठेवा, सँडल नको. दार उघडा, जरा दणकन उघडा, खिडक्या उघडा, पंखे लावा आणि दोन मिनिटं बाहेरच चहाचं सामान उतरवा. मग भर दुपार असली तरी हातात टॉर्च घेऊन एक चक्कर मारायची, सोफ्याखाली, वॉशिंग मशीनच्या मागे, पडद्याच्या घडीत, स्लायडिंग खिडकीच्या खालच्या पट्टीत, फ्रीजच्या मागे कॉम्प्रेसरपाशी कारण तिथे ऊब असते. गाद्या उभ्या करून झटकायच्या. पडवीत ठेवलेले गमबूट उलटे करून आपटायचे, आणि हे दर वेळी, घातल्यावर आत काहीतरी मऊ लागलं की मग आठवून उपयोग नाही.

बाथरूमचं वेगळं सांगतो कारण निम्मे फोन तिथूनच येतात. मोरीच्या जाळीखाली जो ट्रॅप असतो त्यात पाणी साठून राहतं आणि तेच पाइपातून वर येणाऱ्यांना अडवतं. घर आठ-पंधरा दिवस बंद राहिलं, उन्हाळा असला, की ते पाणी सुकून जातं आणि बाहेरच्या चेंबरपासून तुमच्या बाथरूमपर्यंत मोकळा रस्ता तयार होतो, झुरळं, बेडूक, झुरळांमागे पाल, बेडकामागे दिवड साप. तेव्हा आल्या आल्या प्रत्येक मोरीत बादलीभर पाणी ओता, कमोडचं झाकण आधी उघडून बघा मग फ्लश करा मग बसा. निघताना मोरीवर बारीक भोकांची स्टीलची जाळी आणि वर एक फरशीचा तुकडा. बाहेर जिथे सांडपाण्याचा पाइप उघडा संपतो त्या तोंडालाही जाळी बसवून घ्या, प्लंबरला सांगितलं तर तो हसतो पण बसवून देतो.

रविवारी निघताना ओला कचरा बरोबर पुण्याला न्यायचा, नाहीतर खड्ड्यात टाकून वर माती ओढायची. डाळ-तांदूळ डब्यात, पिशवीत नाही. दाराखालची फट बघा, तुमचं बोट जात असेल तर सापाचं पिल्लू आरामात जातं, ब्रशची पट्टी मिळते हार्डवेअरमध्ये ती ठोकून टाका.

साप

घराला लागून सरपण, उरलेली कौलं, विटा, शेडनेटची गुंडाळी, हे सगळं भिंतीपासून निदान पंधरा-वीस फूट लांब हलवा आणि जमिनीपासून वीतभर उंच ठेवा. भिंतीवर चढवलेली मधुमालती दिसते छान, पण ती खिडकीपर्यंत पोचली की शिडीच झाली. छपरावर टेकलेल्या फांद्या छाटा. गवत घोट्याच्या खाली. एवढं केलं की निम्मं काम झालं. उंदरांसाठी ते चिकट पुठ्ठे मिळतात ते मात्र आणू नका, त्यावर उंदराआधी कवड्या साप नाहीतर पाल चिकटते आणि मग ती सोडवत बसायची खाद्यतेल लावून लावून. उंदराचं विषही नको, मेलेला उंदीर घुबड खातं आणि तेही जातं, मग पुढच्या वर्षी उंदीर दुप्पट.

वांग्या-टोमॅटोवर माकडं येऊ नयेत म्हणून लोक नायलॉनची बारीक जाळी टाकतात आणि खालची कड जमिनीवर लोळत ठेवतात, त्यात धामण अडकते. पुढे जायला बघते तशी जाळी खवल्यांखाली रुतत जाते, मागे येता येत नाही, आणि उन्हात दोन-तीन तासांत संपते. माझ्या शेजारच्या प्लॉटवर एक सोडवली ती सर्पमित्राने भरतकामाच्या छोट्या कात्रीने एकेक धागा कापत, मानेखाली रक्ताची रेघ उमटली होती, आणि सुटल्यावर ती बिचारी आधी काही वेळ हललीच नाही. जाळी लावायचीच तर जमिनीपासून हातभर वर बांधा.

फिनाईल, गंधक, कार्बोलिक ॲसिड, लसणाचं पाणी, बाजारात मिळणारी साप पळवायची पावडर, यातल्या कशावरही भरवसा ठेवू नका. कार्बोलिकने सापापेक्षा तुमची कातडी आधी भाजते.

ओळख. पुण्याच्या आसपास विषारी म्हणजे नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार, आणि घाटाकडच्या झुडपांत हिरवा चापडा. बाकी जे रोज दिसतात, धामण, दिवड, तस्कर, कवड्या, नानेटी, गवत्या, वाळा, ते बिनविषारी. पण इथे दोन घोटाळे नेहमी होतात. पहिला कवड्या आणि मण्यारचा. कवड्या तपकिरी, पट्टे मानेपासूनच सुरू होतात, पुढे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, भिंतीवर चढण्यात एकदम पटाईत. मण्यार काळी-निळसर, चकचकीत, बारीक पांढरे पट्टे बरेचदा जोडीजोडीने, आणि ते डोक्याकडे पुसट किंवा नसतातच, शेपटीकडे ठळक. दुसरा घोटाळा जास्त महागात पडतो, घोणशीला अजगराचं पिल्लू समजून उचलायला जाणं. घोणस जाड, आखूड, डोकं तिकोनी, अंगावर साखळीसारखे तपकिरी ठिपके ओळीत, आणि चिडली की प्रेशर कुकरची शिट्टी व्हायच्या आधीसारखा फुसकारा टाकते जो घरातून ऐकू येतो. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, उन्हाळा संपता संपता आणि पावसाच्या तोंडावर, एका वेळी वीस-तीस सुद्धा, आणि पिल्लूही पूर्ण विषारी असतं.

हे सगळं सांगितलं ते तुम्ही घाबरू नये म्हणून, हात लावावा म्हणून नाही. ओळख पटली असं वाटलं तरी विषारी धरूनच वागायचं.

साप घरात दिसला तर मुलं, कुत्रं, मांजर दुसऱ्या खोलीत, दाराखाली टॉवेल, आणि एका माणसाने सात-आठ फुटांवरून नुसतं लक्ष ठेवायचं, बास. पाणी ओतायचं नाही, काठीने डिवचायचं नाही, बादली घालून झाकायला जायचं नाही. झूम करून फोटो काढा आणि सर्पमित्राला पाठवा. सर्पमित्राचा नंबर साप निघाल्यावर शोधायचा नसतो, घर बांधलं त्याच महिन्यात ग्रामपंचायतीत नाहीतर वन विभागाच्या चौकीवर विचारून घ्यायचा, आणि वन विभागाची हेल्पलाईन १९२६ फोनमध्ये ठेवायची. तो आला की पेट्रोलचे पैसे द्या, न मागता द्या, शहरातून गाडी घेऊन आलेल्या माणसाने चाळीस मिनिटं बाईक मारून आलेल्याला नुसतं थँक्यू म्हणणं बरं दिसत नाही. आणि "दादा, जरा फणा काढून दाखवा ना, रील बनवतो" हे तर अजिबात नाही, सर्पमित्रांना चावे बसतात ते याच असल्या हट्टापायी.

अंगणात दिसला आणि त्याच्या वाटेने चाललाय तर कुणाला बोलवायचंच कारण नाही. जाऊ द्या. धामण तर राहू द्याच, तिच्याइतके उंदीर कुणी खात नाही, आणि ती गाईचं दूध पिते वगैरे सगळं खोटं आहे, साप दूध पीतच नाहीत. मारणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे हेही लक्षात असू द्या. आणि प्लॉटवर मांडूळ निघालं तर कुणी "दोन तोंडाचं आहे, लाखात जातं" म्हणून फोन करेल, त्याला दारात उभं करू नका, ती शेपूट असते नुसती बोथट, आणि त्या धंद्यात पकडली गेलेली माणसं तुरुंगात जातात.

पुण्याला खरं म्हणजे सापांची एवढी भीती शोभत नाही. नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली याच शहरात बहात्तर विषारी साप असलेल्या काचेच्या खोलीत बहात्तर तास काढून दाखवले, साप विनाकारण चावत नाही एवढंच सांगायला. कात्रजचं सर्पोद्यानही त्यांच्याच खटपटीतून उभं राहिलं, मुलांना घेऊन एकदा तिथे जाऊन या, पुस्तकातल्या चित्रापेक्षा काचेमागची जिवंत घोणस जास्त लक्षात राहते.

चावलाच तर

घड्याळ बघा, चावल्याची वेळ लक्षात ठेवा. अंगठी, बांगड्या, जोडवी, घड्याळ काढा कारण सूज येते. चावलेला हात किंवा पाय फळी, छत्री, जे मिळेल ते लावून हलणार नाही असा सैलसर बांधा. आवळून दोरी बांधायची नाही, ब्लेडने कापायचं नाही, चोखायचं नाही, बर्फ नाही, मांत्रिक नाही, जडीबुटी नाही. माणसाला चालवायचं नाही, उचलून गाडीत घ्या. १०८ ला फोन करा, पण गाडी दारात असेल तर वाट बघत बसू नका. साप मारून बरोबर न्यायची गरज नाही, आपल्याकडचं औषध नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच असतं. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं. फक्त एक करा, तुमच्या घरापासून सगळ्यात जवळचं औषध असलेलं सरकारी रुग्णालय कुठलं, रात्री डॉक्टर असतात का, हे आधीच जाऊन विचारून या, पाच मिनिटांचं काम आहे. डॉक्टर काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं नुसतं ठेवतील, घाबरू नका, ते वेळ घालवत नाहीत, रक्त गोठतंय का बघतात, घोणशीच्या विषाने ते गोठत नाही.

मण्यारीचं मात्र वेगळं आहे. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि दुखत नाही, खूण दिसेलच असं नाही. पहाटे माणूस पोट दुखतंय म्हणून उठतो, पापण्या जड झालेल्या, बोलताना जीभ अडखळते, आणि घरचे ॲसिडिटीची गोळी देतात. असं झालं तर ताबडतोब दवाखाना, साप कुणी पाहिला नसला तरी. म्हणून इथे खाली गादी टाकून झोपू नका, पाहुणे जास्त झाले तर खाटा आणा, आणि मच्छरदाणी लावून तिची कड गादीखाली खोचा. मच्छरदाणीने डास अडतात ते वेगळंच.

विंचू

मोठा काळा इंगळी दिसायला भयंकर पण डेंजर तो नाही, लालसर बारीक विंचू डेंजर. दगड, वीट, कुंडी उचलताना पलीकडची कड आधी उचला म्हणजे खाली जो असेल तो तुमच्यापासून लांब पळेल. लाल विंचू चावल्यावर नुसतं दुखत असेल तर बरं, पण दरदरून घाम, उलटी, हातपाय गार, असं काही दिसलं, विशेषतः लहान मुलाला, तर पळायचं. कोकणात महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन नावाच्या रक्तदाबाच्या गोळीने हे पेशंट वाचवायला सुरुवात केली, त्याआधी बरेच दगावायचे, आज साध्या सरकारी दवाखान्यातही डॉक्टरला हे माहीत असतं. गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका.

गावातली कुत्री आणि गुरं

शनिवारी चार पोळ्या, चिकनचे तुकडे, फोटो, नाव पण ठेवलं ब्रूनो, आणि रविवारी संध्याकाळी काचा वर करून पुणे. मग ते कुत्रं सोमवार ते शुक्रवार तुमच्या गेटपाशी बसून असतं, शेजाऱ्याच्या कोंबड्या धरतं, आणि मार खातं ते वेगळं. खायला घालायचं असेल तर जबाबदारी पूर्ण घ्या, रेबीजची लस द्या, नसबंदी करून घ्या, आठवड्याचं खाणं बघायला शेजारच्या मावशींना पैसे देऊन ठेवा. नाहीतर नकोच.

चावलं किंवा नुसतं ओरबाडलं तरी, कुत्रं, मांजर, माकड कुठलंही, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून पंधरा. चुना, हळद, मिरची काही भरायचं नाही. लस त्याच दिवशी सुरू, दंडावर घेतात ती ०, ३, ७, १४, २८ व्या दिवशी, आणि रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं इंजेक्शन देतात ते चुकवू नका. "पाळलेलं आहे हो, काही होत नाही" हे ऐकून घरी बसू नका, रेबीज एकदा सुरू झाला की उपाय नाही.

गुरांचं प्रकरण कायद्यापेक्षा बोलण्याने सुटतं. तुमचा प्लॉट तुम्ही घ्यायच्या आधी गायरानाच्या वाटेवर होता, म्हशींच्या डोक्यात ती वाट अजून आहे. तारेचं कुंपण घालून त्यांची पाणंदच बंद केली तर भांडण पक्कं. मी नवीन लोकांना सांगतो की गुराखी मामा येतात तेव्हा बाहेर या, पाणी विचारा, "मामा, कलमं लावलीत हो नवीन, पाऊस संपेपर्यंत जरा वरनं न्याल का" म्हणा, एवढ्यावर नव्वद टक्के काम होतं. वासरू असलेल्या गाईच्या आणि वासराच्या मधे मात्र उभं राहू नका, गरीब दिसली तरी.

वानरं आणि माकडं

काळ्या तोंडाचं लांब शेपटीचं ते वानर, लाल तोंडाचं ते माकड, आणि माकड जास्त आगाऊ. ताम्हिणीत गाड्या थांबवून वेफर्स देणाऱ्यांनी यांना बिघडवलंय, आता पिशवीचा आवाज आला की समजतात खाणं आलं. तुम्ही एकदा जरी बिस्कीट दिलं तरी टोळी रोज हजेरी लावते, आणि तुम्ही नसलात तर तुमच्या गेटच्या पुढच्या घरावर. खिडक्यांना बारीक गजाची जाळी, टाकीचं झाकण तारेने बांधलेलं, फ्रीज खिडकीतून दिसणार नाही असा. समोर आलं तर डोळ्यात डोळे घालू नका, दात दाखवून हसू नका कारण त्यांच्यात ती मारामारीची भाषा आहे, हातातलं खाणं टाकून द्या आणि तोंड त्यांच्याकडे ठेवून मागे सरका. टाकीत उतरली असतील तर पाणी सोडून द्या, घासून घ्या, ब्लीचिंग टाका. पपई, शेवगा, आंबा घराच्या भिंतीलगत लावू नका, थोडं लांब लावा आणि त्यातला त्यांचा वाटा धरूनच चला, मी तर धरतो.

बिबट्या

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला, आणि बिबट्या उसातच जन्मून उसातच वाढू लागला, त्याला डोंगरातून आला म्हणणं आता खरं नाही. पकडलेल्या बिबट्यांसाठी जुन्नरजवळ माणिकडोहला निवारा केंद्र आहे ते त्यामुळेच. मुळशी, सिंहगडाच्या बाजूलाही तो आहे, आणि २०२५ मध्ये तर लोहगाव विमानतळाच्या आवारात दिसला. म्हणजे आमच्याकडे नाही असं कुणी समजू नका.

त्याला मुख्यतः तुमचं कुत्रं हवं असतं. रात्री कुत्रं घरात, नाहीतर वरून जाळी असलेल्या पिंजऱ्यात, साखळीला बांधून ओट्यावर ठेवणं म्हणजे त्याला ताट वाढून ठेवणं झालं. शेळ्यांचा गोठाही वरून बंद. अंधार पडल्यावर मुलं अंगणात एकटी नाहीत, मोठी माणसंही फोनवर बोलत बोलत कुंपणापर्यंत जाणार असतील तर टॉर्च आणि मोठा आवाज, रस्त्याने चालताना मोबाईलवर गाणी लावा. वाकून, उकिडवं बसून कामं संध्याकाळनंतर नकोत कारण बसलेला माणूस त्याला लहान जनावर वाटतो. समोर आलाच तर पळू नका, पाठ दाखवू नका, मूल असेल तर उचलून घ्या, हात वर करून मोठे दिसा, ओरडा आणि हळूहळू मागे सरका. त्याला निघून जायला वाट मोकळी हवी, ती अडवू नका.

ऊसतोड सुरू झाली की फडात पिल्लं सापडतात, मांजराएवढी, आणि लोक उचलून सेल्फी काढतात. हात लावू नका, तोड थांबवा, वन विभागाला कळवा, ते पिल्लं त्याच जागी ठेवतात आणि रात्री आई येऊन घेऊन जाते. आई पिल्लं शोधत फिरायला लागली की मग ती सगळ्यांनाच धोका. शेळी-वासरू मारलं गेलं तर ते हलवू नका, त्याच दिवशी वन विभागाला कळवून पंचनामा करून घ्या, नुकसानभरपाई मिळते.

आणि गर्दी करू नका, हे बिबट्यापुरतं नाही. डिसेंबर २०२० मध्ये कोथरूडच्या महात्मा सोसायटीत गवा शिरला होता, लोकांनी एवढी पळापळ, आरडाओरड, व्हिडिओ केले की ते दमून जखमी झालेलं जनावर पकडल्यावर मेलं. तिथे सगळ्यात चांगली मदत म्हणजे घरात जाऊन दार लावून बसणं, पण तेवढंच कुणाला जमत नाही.

बाकीचे थोडक्यात

रानडुक्कर आणि साळिंदर दोघेही रात्री येतात आणि रताळी, सुरण, केळीचे कोंब उकरतात. साळिंदर काटे फेकून मारत नाही, पण कुत्रं त्याच्या अंगावर गेलं तर तोंडभर काटे घेऊन येतं आणि ते काढायला जनावरांचा डॉक्टरच लागतो. कुंपणाला थेट लाईटचा करंट सोडणारे लोक आहेत, तो गुन्हा आहे आणि त्याने माणसं मेलीत, लावायचंच तर झटका मशीन लावा, त्यात क्षणभराचा झटका असतो आणि बोर्ड लावावा लागतो.

आग्या मोहोळ उंच झाडाला किंवा टाकीखाली लागलं तर धूर, दगड, अगरबत्ती, ढोल काही नको, त्या बाजूला शेकोटी पेटवू नका, अत्तर-परफ्यूम मारून फिरू नका. माश्या उठल्याच तर डोकं-तोंड कपड्याने झाकून बंद खोलीत पळा, पाण्यात उडी मारू नका. नांगी नखाने खरडून काढा. ओठ सुजले, श्वास लागला किंवा खूप डंख असले तर दवाखाना. कुंभारीण माशी मात्र मातीची घरटी करते आणि बहुधा काही करत नाही, फक्त गॅस गीझरचा पाइप आणि नळाचं तोंड बुजवते ते तपासा.

जळवा पावसाळ्यात चिकटल्या तर ओढू नका, नखाने तिचं तोंड कडेने सरकवून सोडवा, मीठ लावलं तरी सुटते. बेडूक बाथरूममध्ये आला तर डबा आणि कागद, बाहेर सोडा, प्रकरण संपलं. काचेच्या मोठ्या खिडकीवर बुलबुल आदळत असतील तर काचेवर बाहेरून पट्ट्या किंवा ठिपके चिकटवा, हातभर अंतरावर एक-दोन चिकटवून उपयोग होत नाही, दाट हवेत. माळ्यावर गव्हाणी घुबड पिल्लं घेऊन बसलं असेल तर रात्री खर्रर्र आवाज येतो आणि लोक भूत समजतात, पिल्लं उडून जाईपर्यंत तो माळा त्यांचा, नंतर भोक बुजवा. अपशकुन वगैरे काही नाही, उलट फुकटचा उंदीर मारणारा मिळालाय. जखमी पक्षी-प्राणी सापडला तर खोक्यात भोकं पाडून अंधारात ठेवा, पाणी तोंडात ओतू नका, दूध तर नाहीच, आणि १९२६ ला फोन करून कुठे न्यायचा ते विचारा.

टिटवी उरली. मार्चपासून पावसापर्यंत ती मोकळ्या प्लॉटवर, खडीत, अगदी पार्किंगच्या मुरमात अंडी घालते, घरटं असं काही नाहीच, चार खडे इकडेतिकडे सरकवलेले आणि मध्ये मातकट काळ्या ठिपक्यांची तीन-चार अंडी, टोकं आत वळवलेली, अंगठ्याजवळ असली तरी दिसत नाहीत. टिटवी डोक्यावरून ओरडत गिरक्या घालायला लागली की समजा तुम्ही जवळ आहात, जिथे आहात तिथेच थांबा, खाली बघा, आलात त्याच पावलांनी परत जा. इकडे जुनी माणसं टिटवीने अंडी किती उंचावर घातली त्यावरून पाऊस सांगतात, ते राहू द्या. चार बाजूंनी दोन-तीन हात लांब दगड मांडून ठेवा, माळ्याला आणि जेसीबीवाल्याला आधी दाखवा, आणि गाडी महिनाभर गेटबाहेर लावा, पिल्लं अंड्यातून निघाली की एक-दोन दिवसांत स्वतःच चालत निघून जातात.